जावई प्रोबेशनवर

आमच्या लग्नाला घरातून विरोध झाला नाही, हे कळलं की लोक म्हणतात, "मग काय, सुटलात की!" आमचं कागदपत्रांचं काम तिथून पुढं सुरू झालं. नवरा पोलंडचा, मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. पुण्याच्या कंपनीकडून व्रोत्सवाफला प्रोजेक्टवर होते, तिथं ओळख झाली. कुठं राहायचं यावर फारशी चर्चा झालीच नाही. मी एकुलती एक, आईचे गुडघे गेलेले, आबांनी सत्तरी ओलांडलेली. त्याला कोल्हापूर आवडलं होतं, आणि त्याचं काम म्हणजे ओतकामाच्या साच्यांचं डिझाईन. फाउंड्रीच्या गावात त्याला काम मिळायला काय अडचण, असं आम्हाला वाटत होतं. ते पुढं येईलच.

फाईल आबांनी उघडली. आबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. मी लॅपटॉपवर फोल्डर केला होता. त्यांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची फाईल काढली, पंच, टॅग, आणि पहिल्या पानावर आखून तक्ता: कागदाचं नाव, कुणी दिला, कोणत्या तारखेला, कोणत्या तारखेपर्यंत चालतो. मला तो शेवटचा रकाना तेव्हा निवृत्त माणसाची हौस वाटला होता. पण या सगळ्या कामात अवघड असं काही असेल तर तेवढा एकच रकाना आहे. कागद मिळतात हो. प्रत्येकाला आयुष्य असतं, आणि ती सगळी आयुष्यं एका वेळी चालू असावी लागतात.

आमच्यापुढची गणितं अशी होती. पोलंडचा नागरिक परदेशात लग्न करणार असेल, तर तिथलं नागरी नोंदणी कार्यालय त्याला एक दाखला देतं: पोलिश कायद्याप्रमाणे हा माणूस लग्न करायला मोकळा आहे. तो दाखला सहा महिने चालतो. त्याच्यावर वॉर्साच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का, घ्यायचं, मग शपथबद्ध अनुवादकाकडून इंग्रजी करून घ्यायचं. यात पहिले काही आठवडे जातातच. इकडं विशेष विवाह कायदा, १९५४. त्याप्रमाणे दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. नोटीस दिली की पुढं ३० दिवस आक्षेपांसाठी थांबायचं. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. तिसरीकडं त्याचा ई-टुरिस्ट व्हिसा, ज्यावर एका खेपेला सलग ९० दिवस राहता येत होतं. लग्न, प्रमाणपत्र आणि त्यानंतर व्हिसा बदलायचा अर्ज, हे सगळं या ९० दिवसांच्या आत बसवायचं.

आबांनी कालनिर्णय उलटं वाचायला घेतलं. शेवटच्या तारखेपासून मागं येत येत त्यांनी त्याच्या विमानाची तारीख काढली. म्हणाले, "लवकर आला तर दाखला हातात नसणार, उशिरा आला तर व्हिसा पुरणार नाही. या आठवड्यात आला तरच जमतंय." मुहूर्त काढणारे गुरुजी याच्यापेक्षा ढिले असतात.

अनेकजण विचारतात की लग्नानंतर परत जाऊन वॉर्सातल्या भारतीय दूतावासातून व्हिसा का घेतला नाही. तोही रस्ता आहे. परदेशी जोडीदारासाठी एंट्री व्हिसा असतो, त्यातला एक्स-२ हा प्रकार भारतीय नागरिकाच्या नवऱ्या-बायकोसाठी. तो तिकडून घेऊन आलात तर इथं उतरल्यावर १४ दिवसांत नोंदणी करायची. दुसरा रस्ता इथंच टुरिस्टचं एक्स-२ मध्ये रूपांतर करून घेण्याचा. एरवी टुरिस्ट व्हिसा बदलून मिळत नाही. भारतीयाशी लग्न हा त्यातला मोजक्या अपवादांपैकी एक. आम्ही दुसरा धरला, कारण नव्या नवऱ्याला लग्नानंतर लगेच विमानात बसवून द्यायची आईची तयारी नव्हती. ज्यांना सारखं ये-जा करायला लागणार आहे त्यांना मी पहिला रस्ता सुचवते. रूपांतराचा अर्ज चालू असताना माणूस इथं अडकून पडतो. त्याच्या मामेभावाचं लग्न आम्ही फोनवर पाहिलं ते त्यामुळंच.

तो आला, आणि घरात पाऊल टाकल्यापासून पहिलं काम तेव्हाचा फॉर्म सी. परदेशी माणसाला घरात ठेवून घेतलं की घरमालकानं २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं. लॉजवाल्यांना हे पाठ असतं. साध्या घराला, तेही होणारा जावई असताना, हे लागतं हे आमच्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं. त्यासाठी घराची नोंदणी निवासस्थान म्हणून करावी लागते. मालकाचं नाव, पत्ता, प्रकार, दर्जा. आबा दर्जाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. आई आतून म्हणाली, "चहा-नाष्टा धरून लिवा." हा फॉर्म क्षुल्लक वाटतो, पण पुढं प्रत्येक टप्प्यावर 'हा माणूस इथं कधीपासून राहतो' या प्रश्नाचं सरकारी उत्तर तोच देतो. चोवीस तासांतला तो फॉर्म हातात असला की बाकीचं बोलणं सोपं होतं.

विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नोटीस ऑनलाइन भरायचा मार्ग आमच्या कामाचा नव्हता. त्याला आधार नाही, म्हणून दोघांना समक्ष जावं लागलं. त्याच्या जन्मदाखल्याचा बहुभाषिक उतारा आम्ही मागवून ठेवला होता. पोलंडमध्ये असा छापील उतारा मिळतो, त्यात इंग्रजीही असतं, आणि अनुवादाचा खर्च वाचतो. तिथं बाईंनी उतारा वाचला आणि चष्म्यावरून बघून विचारलं, "आईचं आडनाव वेगळं आणि वडिलांचं वेगळं कसं? घटस्फोट झालाय?"

झालं असं की सासऱ्यांचं आडनाव 'स्की'वर संपतं आणि सासूबाईंचं 'स्का'वर. आडनाव एकच, पुरुषाचं रूप वेगळं, बाईचं वेगळं. तिथं हे इतकं नेहमीचं आहे की कुणी त्याचं स्पष्टीकरण सोबत जोडत नाही. आम्ही समजावून सांगितलं. बाईंना पटलं, पण त्या म्हणाल्या, "मला पटलं, पुढच्या टेबलाला पटायला पायजे." शेवटी शंभराच्या स्टँपवर त्याचं प्रतिज्ञापत्र करून दिलं की हे दोन्ही एकच आडनाव आहे. तेव्हाच मी ठरवलं की आपलं माहेरचं आडनाव बदलायचं नाही. बदललं असतं तर पोलंडच्या कागदावर मी 'स्का' आणि तो 'स्की', आणि कोल्हापुरातला प्रत्येक कारकून विचारणार, नवरा-बायकोचं आडनाव वेगळं कसं? माहेरचंच ठेवलं तर निदान कुणाला कोडं पडत नाही. परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, नावाला हात लावू नका. पासपोर्टवर जे आहे तेच, तसंच, प्रत्येक कागदावर. नवऱ्याच्या आडनावात एक आडवी रेघ मारलेला एल आहे, तो आपल्या कुठल्याच ऑनलाइन फॉर्मात टाइप होत नाही. पासपोर्टच्या तळाला यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, तिथं तो साध्या एलनं लिहिलेला असतो. आम्ही सगळीकडं ते स्पेलिंग चालवलं आणि ते बरं पडलं.

नोटीस फलकावर लागली. तीस दिवस आपली नावं-पत्ते भिंतीवर लटकलेले असतात, आणि कुणीही येऊन आक्षेप घेऊ शकतो, असं आपण ऐकून असतो. पण आक्षेपाची कारणं कायद्यानं ठरवून दिलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याइतकी मानसिक स्थिती नसणं, नात्यातलं निषिद्ध लग्न. 'मला हे आवडत नाही' हे कारण त्यात नाही. आम्हाला आक्षेप आला नाही, फोन मात्र आला. आबांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं दुसऱ्याच कामासाठी गेल्यावर नोटीस वाचली आणि चौकशीला फोन केला, "काय हो, आमंत्रण भिंतीवरच लावलं व्हय?"

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार, दोघांची प्रतिज्ञा, सह्या. कायदा असं म्हणतो की ते एक वाक्य दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत म्हटलं तरी चालतं. त्यानं मराठीत म्हटलं. मी इंग्रजीत म्हटलं, कारण त्याच्या आई-वडिलांना फोनवर समजावं. दुपारी घरी तांबडा-पांढरा केला, पंचवीसेक माणसं जेवली, आणि आबांनी प्रमाणपत्राच्या झेरॉक्स काढायला पंक्तीतनं उठून माणूस पाठवला.

आता ई-एफआरआरओ. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं हे पोर्टल २०१८ पासून चालू आहे. त्याआधी आपल्या भागातल्या माणसाला जिल्हा पोलीस कार्यालयात तरी जायला लागायचं किंवा मुंबईच्या कार्यालयात तरी. आता अर्ज, कागद, फी, सगळं घरबसल्या. फोटो आणि पीडीएफच्या आकाराला मर्यादा असते, म्हणून आम्ही स्कॅनिंग एकदाच नीट करून ठेवलं. प्रत्येक कागद सरळ, रंगीत, सगळी पानं एका फाईलमध्ये, फाईलच्या नावातच कागदाचं नाव. पासपोर्ट आणि व्हिसा, प्रवेशाचा शिक्का असलेलं पान, विवाह प्रमाणपत्र, माझा पासपोर्ट आणि आधार, घराचा पुरावा, दोघांचा एकत्र फोटो, फॉर्म सीची प्रत, आणि माझं हमीपत्र. हमीपत्रात मी लिहून दिलं की याच्या इथल्या राहण्या-खाण्याची, वागणुकीची, आणि वेळ आली तर परत पाठवण्याच्या खर्चाची जबाबदारी माझी. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात असं लिहून द्यायला जरा विचित्र वाटतं. आईनं वाचून घेतलं आणि म्हणाली, "बापयनं बायकोची हमी घ्यायची सोडून..." पुढचं ती बोलली नाही.

अर्ज ९० दिवसांच्या आत गेला. आबांचा एकच आग्रह होता: निकाल कधी का लागेना, अर्ज मुदतीत गेला पाहिजे आणि त्याची पोच हातात पाहिजे. ऑनलाइन अर्जाचा क्रमांक आला तर त्यांनी तो छापून फाईलला लावला आणि शेजारी हातानं लिहिलं, 'आवक'.

मग पोलीस चौकशी. ही गोष्ट मी सविस्तर सांगते, कारण ऑनलाइन कितीही झालं तरी निर्णय शेवटी या भेटीवर टेकतो. मुंबईहून अहवाल मागवला जातो, ती मागणी जिल्ह्यातून पोलीस ठाण्याला येते, आणि एक हवालदार घरी येतो. आमच्याकडं आलेले हवालदार वयानं मोठे, अगदी शांत. त्यांनी पासपोर्ट बघितला, खोली बघितली, दोघांचे जबाब घेतले. नवऱ्याला मराठीतच विचारलं, "राव, करमतंय का?" त्याला प्रश्न कळला नाही, पण तो "हो" म्हणाला. मग त्यांनी शेजारच्या काकूंना बोलावलं. हे दोघं खरंच एकत्र राहतात का?

काकू म्हणाल्या, "राहतात म्हणजे? सकाळी उठून गंगावेशीत म्हशीच्या धारेला उभा असतोय तो. गवळी वळखतोय त्याला. गल्लीत निम्म्या पोरांनी ते दूध सोडलं, ह्यानं धरलंय." हवालदारांनी गंभीरपणे लिहिलं: सदर इसम सदर पत्त्यावर वास्तव्यास असल्याबाबत शेजारी साक्षीदार सांगतात. दूधकट्टा अहवालात आला नाही याचं काकूंना वाईट वाटलं.

आणि वळिवडे. पोलंड हा शब्द उच्चारला की कोल्हापुरात वळिवडे निघतंच. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं हाकलून नेलेली पोलिश कुटुंबं, त्यात बायका-मुलं जास्त, फिरत फिरत इथं पोहोचली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. पुढं त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. जिल्हा पोलीस कार्यालयात, विवाह कार्यालयात, अगदी झेरॉक्सच्या दुकानातही पहिला प्रश्न तोच, "वळिवड्याचं कोण आजी-आजोबा व्हते का?" त्याच्या घराण्याचा वळिवड्याशी काडीचा संबंध नाही. सुरुवातीला तो प्रामाणिकपणे नाही म्हणायचा आणि समोरचा हिरमुसायचा. नंतर तो म्हणायला लागला, "माझे नाहीत, पण माझ्या देशाचे होते." यावर चहा मिळतो. त्या छावणीतल्या काही मुलींनी इथल्या मराठी मुलांशी लग्नं केली आणि त्या इथंच राहिल्या. त्यांच्याकडं कोणते कागद असतील, देश सोडताना कुठला दाखला बरोबर घेता आला असेल, हा विचार मला अपोस्टिलच्या रांगेच्या गोष्टी ऐकताना नेहमी येतो.

एक्स-२ आला. ई-मेलवर पीडीएफ, त्यावर क्यूआर कोड, निवास परवाना. त्याची मुदत संपत आली की त्याच पोर्टलवरून वाढवून घ्यायची. आबांनी मुदतीची तारीख तक्त्यात लाल शाईनं लिहिली आणि तिच्या दोन महिने आधीची तारीख हिरव्या शाईनं.

इथपर्यंतची धावपळ मी पुन्हा करेन. त्यानंतरची दोन वर्षं मात्र अवघड गेली, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगितलं नव्हतं. एक्स व्हिसावर माणूस इथं राहू शकतो, पण नोकरी करू शकत नाही. त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि त्या व्हिसाची साधारण अट म्हणजे वर्षाला १६ लाख २५ हजारांच्या वर पगार. भाषाशिक्षक, विशिष्ट देशांचे खानसामे अशा काहींना त्यात सवलत आहे, साच्यांचं डिझाईन करणाऱ्याला नाही. शिरोली एमआयडीसीतले आबांच्या ओळखीचे एक कारखानदार त्याचं काम बघून खुश झाले होते. म्हणाले, उद्यापासून या. पगाराचा आकडा सांगितल्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. छोट्या फाउंड्रीत एवढा पगार मालक स्वतःला देत नाही.

हाताला काम येणारा माणूस, गावात त्या कामाची शेकडो यंत्रं, आणि हा घरात. कायद्यामागचं कारण मला समजतं. नोकरीसाठी खोटी लग्नं होऊ नयेत. पण लग्न खरं आहे की नाही हे तपासायला सगळी यंत्रणा घरी येऊन गेल्यावर, हवालदारांनी आणि काकूंनी सांगून झाल्यावर, त्या माणसाला कमवायला बंदी कशासाठी, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. बाहेरून लग्न करून आलेल्या सुनेला कुणी विचारत नाही की ती काय करते. जावयाला पहिल्या दिवसापासून विचारतात. आणि घरजावई म्हटलं की आपल्याकडं तोंडावर हसू येतंच. मंगळवार पेठेत आबांना कट्ट्यावर विचारायचे, "जावई काय करत्यात सध्या?" आबांनी एक उत्तर शोधून काढलं होतं: "दोन वर्षं प्रोबेशनवर आहेत."

त्यानं ती वर्षं कशी काढली, त्याची सगळी बाजू मी सांगू शकणार नाही. मराठी शिकला, आणि कोल्हापुरात शिकल्यामुळं ती आता पुण्यात कुणाला समजत नाही. आईला दवाखान्यात नेणं-आणणं त्याच्याकडं आलं. संध्याकाळी रंकाळ्याला चालायला जायचा आणि रात्री कागदावर साच्यांची चित्रं काढत बसायचा, कुणासाठी नाही. मी घरून काम करत होते. दाराआड मीटिंग चालू असताना तो स्वयंपाकघरात भांडी कमी आवाजात लावायचा, तेव्हा मला राग यायचा, त्याचा नाही.

बँकेचं खातं हाही एक अध्याय. सहा महिन्यांपेक्षा जास्त इथं राहणाऱ्या परदेशी माणसाला खातं उघडता येतं. एका शाखेत आम्हाला सांगितलं, आधारशिवाय जमणार नाही. दुसरीकडं म्हणाले, पॅन आणा. परदेशी नागरिकाला पॅन वेगळ्या अर्जावर मिळतं. आणि आधारही मिळतं, मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलं असेल तर. फक्त ते व्हिसाच्या मुदतीइतकंच चालतं. आम्ही आधी पॅन, मग १८२ दिवस भरल्यावर आधार, मग खातं, असा क्रम लावला. त्याच काळात आमचं विवाह प्रमाणपत्र उलट दिशेला पाठवलं: मुंबईला राज्य शासनाचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, पोलिश अनुवाद, आणि त्याच्या गावच्या नोंदणी कार्यालयात आमच्या लग्नाची नोंद. हे लोक टाळतात. टाळू नका, एरवी त्याच्या देशाच्या दप्तरी तो अविवाहितच राहतो, आणि पुढं पासपोर्ट, वारसा, मुलांचं नागरिकत्व, प्रत्येक ठिकाणी ते आडवं येतं.

नोकरीच्या बंदीतून सुटायचा रस्ता म्हणजे ओसीआय, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७ए प्रमाणे, भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी माणसाला ते मिळू शकतं, पण लग्न नोंदलेलं असलं पाहिजे आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं टिकलेलं असलं पाहिजे. पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व स्वतःचं, आई-वडिलांचं, आजी-आजोबांचं, पणजी-पणजोबांचं असेल किंवा कधी होतं तर नाही. दोन वर्षं विवाह प्रमाणपत्रापासून मोजतात, म्हणून ज्यांचं आधी देवळात लग्न होऊन नोंदणी राहून गेली आहे त्यांनी आजच जावं. (पूर्ण नागरिकत्वाचा अर्ज करायला सात वर्षं इथं राहावं लागतं, आणि पोलंडचा पासपोर्ट सोडावा लागतो. तो विषय आमच्याकडं निघालेला नाही.)

दोन वर्षं भरल्यावर ऑनलाइन अर्ज भरला, फी १५,००० रुपये, आणि अस्सल कागद घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई. आबा येणार नव्हते, पण फाईल येणार होती, त्यामुळं आबा आले. अधिकाऱ्यांनी आम्हाला साधेच प्रश्न विचारले. ओळख कशी झाली, घरात कोण कोण असतं, कोण काय काम करतं. हा मराठीत बोलायला लागला तर त्यांनी थोडा वेळ पेन खाली ठेवलं. कागदांपैकी त्यांनी जे मागितलं ते आबा टॅग न सोडता बोटानं पान उलटून दाखवत होते. त्यांना वाटलं असावं की हे आमचे वकील आहेत.

पुन्हा पोलीस चौकशी, नवे हवालदार, त्याच काकू. दोन वर्षांत त्यांचं म्हणणं वाढलेलं होतं. मग वाट बघणं. जोडीदाराच्या नात्यानं केलेल्या अर्जाची सुरक्षा तपासणी होते, आणि तिला घाई करता येत नाही. स्टेटस रोज बघायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. रात्री दोघंही आपापल्या फोनवर गुपचूप बघायचो.

कार्ड आलं तेव्हा त्यानं ते आबांच्या हातात दिलं. पुढच्या आठवड्यात शिरोलीला रुजू झाला, पगार १६ लाखांच्या जवळपासही नाही आणि त्याची कुणाला पर्वा नाही. आता पोलीस नोंदणी नाही, मुदतवाढ नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार असल्या कामांना वेगळी परवानगी लागते, आमचा तिकडं ओढा नाही. मात्र नवरा किंवा बायको म्हणून ज्यांना हे कार्ड मिळालंय त्यांनी प्रत्येक नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांच्या आत तो पोर्टलवर चढवायचा, आणि सोबत लेखी द्यायचं की लग्न अजून टिकून आहे. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं. पासपोर्टची तारीख तक्त्यात हिरव्या आणि लाल शाईनं लिहून झाली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५ लागू होऊन १९४६ चा फॉरिनर्स ॲक्ट गेला, तेव्हा आबांनी फाईलवर लिहिलेलं जुन्या कायद्याचं नावही एक रेघ मारून दुरुस्त केलं, तारीख आणि सहीसकट.

एकच गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली नाही. आमची कागलकडं थोडी उसाची जमीन आहे. जावई आता कार्डधारक झाला, तर माझ्याबरोबर त्याचंही नाव लावावं असं त्यांच्या डोक्यात होतं. ओसीआय कार्डावर शेतजमीन खरेदी करता येत नाही. घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो, ऊस नाही. तरी खात्री करायला ते तलाठ्याकडं जाऊन आले. जमीन माझ्या एकटीच्या नावावर होईल. गेल्या हंगामात ऊस तोडायला टोळी आली तेव्हा बांधावर उभं राहून टनेज लिहून घ्यायचं काम मात्र त्याच्याकडं होतं, आणि कारखान्याच्या काट्याची पावती त्यानं आबांच्या फाईलला लावली, तारीख टाकून.